सतरा नंबरची बाई

दर जानेवारीत कॅटलेट पार्कच्या वर्कशॉपमध्ये एकेचाळीस जण छताला टांगले जात. दचकू नका, करमणुकीच्या या पार्कात नावेत बसून बोगद्यातली जुनी खाण बघायची सफर होती, तिच्यातले हलते पुतळे होते ते. अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरात हिवाळा उतरला की पार्क बंद व्हायचा. मग बोगद्यातलं पाणी सोडून द्यायचं, पुतळे उचलून आणायचे, कपडे उतरवायचे, रबरी कातडी सोलायची आणि आतला लोखंडी सांगाडा तपासायचा. वर्कशॉपमध्ये त्यांना पुतळे कोणी म्हणत नसे, 'मंडळी' म्हणत. आणि मार्ला स्टिडम गेली सव्वीस वर्षं या मंडळींची डॉक्टर होती.

मंडळींत छत्तीस बाप्ये. कोणी सोनं खणतोय, कोणी घोड्याला नाल ठोकतोय, कोणी पत्ते कुटतोय, एक तर नुसताच पिऊन पडलाय. बायका पाच. एक धुणं धुते, एक वाळत घालते, एक वाढते, एक खिडकीत बसून नवऱ्याची वाट बघते. आणि पाचवी, सतरा नंबर, परकर दोन्ही हातांनी वर धरून खुर्चीवर थयथय नाचते आणि किंचाळते, कारण खाली रबराचा उंदीर फिरतोय. लोक नावेतून येतात, तिला बघून पोट धरून हसतात आणि पुढे जातात.

गंमत अशी की कातडी सोलली की सगळे सारखेच. पार्क ज्याने काढला तो हॉइट कॅटलेट महाचिक्कू माणूस. त्याने सांगाड्याचा एकच साचा करून घेतला. बायका हव्यात म्हटल्यावर त्याच सांगाड्यांना हवा तिथे कापूस गुंडाळला. तो कापूस भरला मार्लाच्या आईने, नेल्डाने. ती तेव्हा पार्कच्या शिवणखोलीत कामाला होती. चेहऱ्यांसाठीही हॉइटने खिशात हात घातला नाही. कामावरच्या लोकांनाच आडवं केलं आणि त्यांच्या तोंडावर प्लास्टर थापून साचे काढले. स्वतःचा चेहरा दिला तीन नंबरला, म्हणजे शेवटच्या देखाव्यातल्या इंजिन ड्रायव्हरला. नेल्डाचा दिला सतरा नंबरला.

का दिला, तेही ऐका. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या याच.

पार्क उघडायच्या महिनाभर आधी हॉइट शिवणखोलीत आला होता. कापडाच्या गठ्ठ्यातून एक उंदीर निघाला. सहा फुटी हॉइटने खुर्चीवर उडी मारली, पँटचे पाय वर धरले आणि अशी किंकाळी फोडली की बाहेरचे सुतार रंधा टाकून धावले. नेल्डा डुकरांच्या फार्मवर वाढलेली. तिने उंदीर शेपटीला धरून उचलला, खिडकीतून भिरकावला, हात धुतले आणि अर्धी राहिलेली शिवण पुरी करायला बसली. सुतार आत आले तेव्हा हॉइट खाली उतरून टाय नीट करत होता. म्हणाला, "काही नाही रे, नेल्डा घाबरली." महिन्याने पार्क उघडला तेव्हा नेल्डा खुर्चीवर होती, कायमची.

पन्नास वर्षं गावाने तिला सोडलं नाही. वाण्याच्या दुकानात टारगट पोरं मागून "नेल्डा, उंदीर!" म्हणून ओरडायची. पार्कच्या दुकानात तिच्या चित्राचे कॉफीचे मग विकायला ठेवलेले. एखादी परकी मुलगी तोंड निरखून विचारायची, "त्या खुर्चीवरच्या तुम्हीच का?" की नेल्डा भरलेली टोपली तिथेच टाकून घरी यायची. दर वर्षी उद्घाटनाची पहिली नाव पार्कच्या जुन्या कामगारांची असते, हा तिथला रिवाज. नेल्डा त्या नावेत एकदाही चढली नव्हती.

आणि आता नेल्डाचे डोळे चालले होते. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, शरदापर्यंत समोरच्याचा चेहरा ओळखू येणार नाही. मार्लाला तेव्हापासून एकच ध्यास लागला. आईने डोळे जायच्या आत स्वतःचा चेहरा त्या खुर्चीवरून उतरलेला बघायला हवा.

फेब्रुवारीत ती ब्राइसकडे गेली. ब्राइस हॉइटचा मुलगा, आता पार्क तोच बघायचा. दोघं याच पार्कात लहानाचे मोठे झालेले, त्यामुळे बोलायला आडपडदा नव्हता.

"सतराला खुर्चीवरून काढूया," मार्ला म्हणाली. "पन्नासावं वर्ष आहे. काहीतरी नवं."

"वेडी की काय! लोक तिच्यासाठीच तर येतात."

"मग तिला इंजिनावर बसव. तिथेही येतील."

ब्राइस मनापासून हसला. माणूस वाईट नव्हता, बापाच्या सावलीतून कधी उन्हात आला नव्हता इतकंच. "अगं, सहकुटुंब येतात लोक. त्यांना साधं सरळ लागतं. बाप गाडी चालवतो, बाई किंचाळते, पोरं हसतात, झालं. बाबांनी लावलंय तसंच राहणार."

"तुझे बाबा स्वतःच चढले होते त्या खुर्चीवर."

"हे तुझी आई सांगते," ब्राइस म्हणाला. "बाबा वेगळं सांगायचे."

मार्ला परत आली आणि सतराच्या गुडघ्याचा वायसर बदलायला बसली. सतराचे गुडघे दर वर्षी जायचे. पन्नास वर्षं उड्या मारून कोणाचे राहतील?

उद्घाटनाला दहा दिवस उरले आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात तसं सुरू झालं. पंप बिघडला, नावेला भोक पडलं आणि चाचणीच्या दिवशी तीन नंबरचा उजवा खांदा फुटला. फट्‌ असा आवाज झाला, शिट्टीची दोरी ओढणारा हात खाली लोंबला तो लोंबलाच. खांद्यातल्या ज्या हवेच्या पिशवीवर हात हलायचा, ती बनवणारा कारखाना कधीच बंद पडलेला. आणि खांदा कण्याला वेल्डिंग केलेला, म्हणजे नुसता हात बदलायचीही सोय नाही.

मार्लाने सगळी मंडळी तपासली. बाकीच्या पस्तीस बाप्यांचे खांदे खणून, ठोकून, पत्ते टाकून, बाटली उचलून झिजलेले. धुणारी, वाळत घालणारी, वाढणारी यांचेही झिजलेले. खिडकीतली रुमाल हलवून हलवून थकलेली. धड खांदे एकाच सांगाड्याचे निघाले. सतरा नंबरचे हात परकराला शिवून टाकलेले होते, पन्नास वर्षांत कधी हललेच नव्हते. उलट तीन नंबर कमरेपर्यंत इंजिनाच्या मागे उभा, त्याचे गुडघे नव्या नवरीसारखे कोरे.

"सोपं आहे मग," ब्राइस म्हणाला. "सांगाडे बदल. तिचा इंजिनावर, बाबांचा खुर्चीवर. चेहरे आणि कपडे मात्र जिथले तिथे. आत कोण आहे ते कोणाला दिसतंय?"

मार्लाने मान डोलावली. सांगाडे दुपारपर्यंत बदलून झाले, पायाचे चार-चार बोल्ट काढायचे आणि घालायचे एवढंच काम. राहिले चेहरे. ते कानामागे सहा बटणांनी बसवलेले असतात.

जेवणाची सुट्टी होती. बाकीचे बाहेर उन्हात बसून डबे खात होते. मार्लाने सतराच्या कानामागची चार बटणं काढली आणि तिचा हात थांबला. हवा बंद असली की पुतळ्याचं तोंड मिटतं. तिच्यासमोर तिची आई होती, सत्तावीस वर्षांची, ओठ मिटलेली. प्लास्टर वाळेपर्यंत हसायचं नाही असं तेव्हा बजावलं होतं म्हणे, आणि नेल्डाला हसू आवरत नव्हतं. ते दाबलेलं हसू ओठांच्या कोपऱ्यात तसंच राहिलं होतं. किंचाळताना ते तोंड उघडायचं ते फक्त जबड्यातल्या हवेच्या नळीने, आवाज तर खुर्चीतल्या भोंग्याचा. मार्लाला स्वतःचाच राग आला. सव्वीस वर्षं ती स्वतःच्या हातांनी आईला त्या खुर्चीवर बसवत आली होती.

तिने चारही बटणं परत लावली. जबड्याची नळी उपटून टाकली. इंजिन ड्रायव्हरचा डगला कापसावरून बसेना म्हणून बाजूने उसवला, आतून पट्टी लावली आणि जमेल तसा शिवला. शिवणकामात मार्ला म्हणजे आनंदच होता. मग तिने तीन नंबरला कपड्यांच्या पेटीतला एक जुना कोट-टाय घालून खुर्चीवर चढवलं, पँटचे पाय वर ओढले आणि त्याच्या मुठी गुडघ्याशी पक्क्या शिवून टाकल्या. ते टाके मात्र तिने दुहेरी घातले. मग दोघांवर चादरी टाकल्या आणि उद्घाटनाच्या सकाळपर्यंत त्या कोणाला काढू दिल्या नाहीत.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तिने स्वतःचे पाने, पक्कड, हातोड्या गाडीत भरून ठेवल्या. नोकरी जाणार हे ती धरूनच चालली होती. पण आई नावेत चढली नाही तर सगळंच मुसळ केरात.

"एकदाच चल," ती घरी म्हणाली.

"डोळे जायच्या आधी तेच बघू?" नेल्डा उसळली. "गेल्यावर ने. तेव्हा चालेल."

"आई, पन्नास वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलंय?"

"दर आठवड्याला मागतेस. ॲपल पाय काय आकाशातून पडतो?"

पण सकाळी ती चर्चला जायची टोपी घालून दारात उभी होती, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

जुन्या कामगारांतल्या आता दोघीच उरल्या होत्या. नेल्डा, आणि हॉइटची विधवा, ब्राइसची आई एर्मा, जी पहिल्या दिवसापासून तिकीट खिडकीवर बसली होती आणि जिला लग्नानंतरही सगळे 'मिस एर्मा'च म्हणत. दोघींना नावेत शेजारी बसवलं. पुढे ब्राइस, मागच्या फळीवर पाना घेऊन मार्ला. पहिल्या नावेत मेकॅनिक असावाच लागतो, हाही रिवाज.

नाव बोगद्यात शिरली. सोनं खणणारे आले, गेले. पत्तेवाले आले, गेले. वळणाच्या आधी नेल्डाने डोळे घट्ट मिटून घेतले.

वळण आलं. दिवा लागला. रबरी उंदीर तुरुतुरु धावला आणि खुर्चीवर हॉइट कॅटलेट कोट-टायसकट थयथय नाचू लागला. नवेकोरे गुडघे, उड्या काय उंच जात होत्या! खुर्चीतल्या भोंग्यातून तीच जुनी बारीक किंकाळी फुटली.

ब्राइस अर्धा उठला. नाव डुचमळली. "मार्ला! हे काय... बाबा..."

तेवढ्यात मिस एर्माने टाळी वाजवली. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, पण टाळी अशी की बोगदा घुमला.

"अगदी हाच आवाज! अगदी हाच!" तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं इतकी ती हसत होती. "असाच किंचाळला होता मेला!"

नेल्डाने डोळे उघडले. खुर्चीकडे बघितलं. मग एर्माकडे.

"मिस एर्मा, तुम्हाला माहीत होतं?"

"त्या दिवशी शिवणखोलीच्या पडद्यामागे मी नवा झगा घालून बघत होते, नेल्डा. डोळ्यांनी बघितलंय सगळं."

"आणि पन्नास वर्षं गप्प बसलात?"

एर्माचं हसू ओसरलं. "तो होता तोवर त्याच्या इज्जतीसाठी गप्प बसले. तो गेल्यावर लाजेने. चुकलं माझं. तुझ्याशी फार वाईट वागले मी."

एर्माने नेल्डाच्या हातावर हात ठेवला. माफी काही चहाच्या कपासारखी चटकन पुढे करता येत नाही. पण तिने एर्माचा हात झिडकारला नाही. ब्राइस मागे वळून मार्लाला म्हणाला, "उद्या सकाळपर्यंत सगळं होतं तसं पाहिजे मला. नाहीतर..."

"नाहीतर काय?" एर्मा म्हणाली. "हात तर लाव बघू. पार्क अजून माझ्या नावावर आहे, ब्राइस. आणि नीट बस, नाव उलटेल."

ब्राइस बसला. पुढे बोगदा उंच झाला, वाफ सुटली आणि शेवटचं मोठं इंजिन अंधारातून समोर आलं. त्यावर नेल्डा उभी होती. सत्तावीस वर्षांची, निळा डगला, कपाळावर टोपी. तोंड मिटलेलं, कोपऱ्यात ते दाबलेलं हसू. तिचा उजवा हात वर गेला, पन्नास वर्षं न वापरलेला खांदा लोण्यासारखा फिरला आणि तिने दोरी ओढली. शिट्टी अशी वाजली की बोगद्यातलं पाणी थरथरलं.

मार्लाला आईचा चेहरा दिसत नव्हता, फक्त टोपी दिसत होती. टोपी हळूहळू वर झाली, ताठ झाली आणि इंजिन दिसेनासं होईपर्यंत तशीच राहिली. मार्ला मागच्या फळीवर पाना कवटाळून लहान पोरीसारखी रडली, आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

नाव धक्क्याला लागली. ब्राइस उतरून तरातरा निघून गेला. बाहेर रांगेत माणसं खोळंबली होती. मार्लाने आईला उतरवायला हात पुढे केला.

"तो डगला कोणी शिवलाय?" नेल्डाने विचारलं.

"मी."

"वाटलंच. डावी शिवण वाकडी आहे. सोमवारी पार्क बंद असेल तेव्हा काढून आण, दिसतंय तोवर नीट करून देते." आणि ती जागची हललीच नाही. "पुढच्या लोकांना चढू दे. मी अजून एक फेरी मारणार आहे."

नेल्डाने त्या दिवशी नऊ फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीत तिच्या शेजारी सात-आठ वर्षांची एक मुलगी बसली होती. इंजिनाची शिट्टी वाजली तशी ती मुलगी इंजिनाकडे बघे, मग नेल्डाकडे, पुन्हा इंजिनाकडे.

"ती तुम्हीच का?" तिने विचारलं.

प्रत्येक फेरीला सोबत असलेली मार्ला मागच्या फळीवरून पुढे झुकली.

"हो," नेल्डा म्हणाली, इतक्या मोठ्याने की पुढची नावसुद्धा वळून बघू लागली. "मीच ती. आणि आपण बोगद्यातून बाहेर पडलो ना, की तुला त्या खुर्चीवरच्या माणसाची गोष्ट सांगते."