यकृत रायफल

सुटी लागली की लोक मोहर्लीला वाघ पाहायला जातात. तहसीन जुन्या रायफलींचे नंबर उतरवत फिरते. वरोऱ्याच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे, पण जीव सगळा बंदुकांत. त्या रविवारी ती चंद्रपुरात वामनरावांकडे आली, तेव्हा मात्र तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

"काका, आजोबाची रायफल वितळवणार हायेत."

आजोबा म्हणजे जलालुद्दीन, बंदुका दुरुस्त करणारे मिस्त्री, वामनरावांचे जिवाभावाचे दोस्त. एका जुन्या जमीनदाराकडून आलेली लेव्हरची रायफल त्यांच्याजवळ होती. चापाभोवतीची कडी खाली ओढून वर घेतली की नवी गोळी चढायची. नळी अष्टकोनी. असल्या आखूड नळीच्या फारच थोड्या झाल्या, हे तहसीनने दोन वर्षं खपून शोधून काढलं होतं. मिस्त्री गेल्यावर रायफल ठाण्यात जमा झाली, आणि महिनाअखेरपर्यंत मूळ नोंद जुळली नाही तर ती भट्टीत जाणार होती.

वामनरावांना ते दुकान आठवलं. कलेक्टर ऑफिसातली कारकुनी आटोपली की ते तिथल्या स्टुलावर जाऊन बसायचे. मिस्त्री रायफलीला तेल द्यायचे, रिकामीच कडी ओढायचे, खटाक्-खट्, आणि खूश होऊन चहा मागवायचे. किती साधं सुख होतं ते! तसा दोस्त पुन्हा मिळाला नाही, आणि ही खंत वामनरावांनी कधी लपवली नाही.

"पण मिस्त्रीची बंदूक चालताना कधी दिसली नाई," ते हसून म्हणाले. "इचारलं तर म्हणे, बुढी झाली ते."

तहसीनने परवाना रजिस्टरातल्या नोंदीची झेरॉक्स पुढे ठेवली. "नाव आजोबाचंच हाये. नंबर कसरीनं खाल्ला. अन् प्रकार पाहा, 'यकृत रायफल'. ऑफिसवाले म्हणतात, ही ते बंदूक नोहे. मले वाटलं, कंपनीचं नाव असन. सारी पुस्तकं पालथी घातली, बाहेरदेशच्या लोकाईले पत्रं धाडली. यकृत कोणालेच माहीत नाई. तुम्हाले काही आठवते?"

वामनरावांनी कागद जवळ घेतला. अक्षर त्यांचं होतं.

एकोणऐंशी साली बंदूक परवान्यांची जुनी इंग्रजी रजिस्टरं मराठीत उतरवायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. नोकरीला जेमतेम सहा महिने. कुण्या साहेबाच्या गिचमिड अक्षरातलं 'लेव्हर' त्यांनी 'लिव्हर' वाचलं, शब्दकोश काढला आणि वळणदार अक्षरात 'यकृत' लिहून मोकळे झाले. बापाने छप्पन साली दीक्षा घेतली, मोलमजुरी करून पोराला शिकवलं. घराण्यात खुर्चीवर बसलेला हा पहिलाच. ह्याचं कुठे चुकतं ते पाहायला ऑफिसात काही जण टपूनच होते. त्यांना पुढे सदतीस वर्षांत एक चूक सापडली नाही. वामनरावांची नोंद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं खुद्द साहेब म्हणायचे. आता त्याच ऑफिसात जाऊन सही करून सांगायचं, की मी रायफलीला लेव्हरऐवजी यकृत लावलं?

"काय माहीत, बापा," ते म्हणाले आणि कागद परत केला.

तहसीन फाईल बांधू लागली. "दादीलेही शब्द ठाऊक नाई. तिले इतकंच याद हाये, का परवान्यावर काही चुकीचं लिहिलं होतं म्हणून नागपूरचा दुकानदार गोळ्याच देत नोहता. दादी म्हणे, दुरुस्त करून आणा. आजोबा म्हणत, राहू दे खातून. लिहिणारा पोरगा नवा हाये. बोंब झाली तर त्याच्या जातीवरून बोलतीन. बंदुकीचं काय, पडून राहीन."

सत्तरीला टेकलेले वामनराव हमसून हमसून रडले. तहसीन घाबरून पाणी आणायला धावली.

ती आली तेव्हा ते लिहीत होते. 'उपरोक्त नोंद माझ्या हस्ताक्षरातील असून "लेव्हर"ऐवजी "यकृत" ही चूक माझी आहे. परवानाधारकास ती माहीत होती. त्यांनी ती माझ्यासाठी कोणासही सांगितली नाही.'

तहसीनने वाचलं. पोरगी हुशार, क्षणात सगळं समजली. हळूच म्हणाली, "काका, शेवटचं वाक्य ऑफिसले नाई लागत."

"ऑफिसले नाई लागत," वामनराव सही करता करता म्हणाले, "मले लागते."