यादीत नसलेली चावी

साबुदाण्याच्या डब्यात मनगटापर्यंत हात घातला, चाचपडत तळाशी गेले, आणि चावी स्टीलला लागून खणकली. घरात इतकं शांत होतं की मी दचकून आतल्या खोलीकडे बघितलं. माझी लेक सायली उठली नव्हती. कूस बदलून तिने माझी ओढणी तोंडाशी घेतली होती, तेवढंच.

माझा नवरा मोहित सकाळच्या पॅसेंजरने रावेरला गेला होता. दर मंगळवारी जातो, केळीच्या सौद्यासाठी, आणि दीडच्या आत परत येतो. आमचं घर स्टेशनला इतकं जवळ आहे की त्या दिवशी कार दारातच असते. आणि नेपानगरच्या एका शाळेत अकरा वाजता माझी मुलाखत होती. लहान वर्गांसाठी एकच जागा. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, मध्ये सायलीला तिथेच माझ्या आईकडे सोडायचं. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना आठवडाभर मी हेच गणित करत होते. बसने ते जमत नव्हतं. कारने जमत होतं.

मोहितला विचारलं असतं तर तो सरळ नाही म्हणाला नसता. "पुढच्या वर्षी बघू ना, सायली जराशी मोठी होऊ दे," म्हणाला असता. तीन वर्षं हेच म्हणतोय, आणि म्हणताना माझ्या केसांवरून हात फिरवतो. मग भांडणार तरी कशी?

कार मी लग्नाआधीच शिकले. माझे बाबा नेपानगरला कागद कारखान्यात होते, कॉलनीच्या रिकाम्या रस्त्यांवर त्यांनी शिकवली. इथे आल्यावरही दुसरी चावी माझ्या पर्समध्येच असायची. गेल्या मार्चमध्ये फाटकातून काढताना मी बंपर घासला. मोहितने आधी मला नीट बघितलं, मग बंपरला. रागावला नाही. फक्त म्हणाला, "तुझी चावी पण दे. दोन्ही माझ्याकडे राहू दे. तुला काही झालं तर?"

"सापडत नाहीये ती," मी म्हटलं. "बाजारात पडली वाटतं, राजपुऱ्याकडे."

हे वाक्य कुठून आलं, मला अजून कळलेलं नाही. चावी पर्समध्येच होती. त्याच दुपारी ती साबुदाण्यात गेली, कारण उपास माझेच असतात आणि त्या डब्याला दुसरं कोणी हात लावत नाही. चार महिने मी ती एकदाही काढली नाही. पण कधीकधी चटणी वाटता वाटता आठवायचं, की घरात एक वस्तू माझी आहे, आणि हात उगाच हलका चालायचा.

सायलीला उठवलं, दूध पाजलं, निळा फ्रॉक घातला. ती डोळे चोळत म्हणाली, "सिंधूआजीकडे? खरंच?" मी तिच्या गालाचा मुका घेतला आणि सर्टिफिकेटांची फाइल काखेत मारली.

चावीचं बटण दाबलं, दार उघडलं नाही. सेल गेला असेल, म्हणून चावीचं पातं कुलपात घालून हाताने उघडलं. सायलीला मागे बसवलं. चावी फिरवली. इंजिन लागलं. एक, दोन, आणि गप्प. समोर एक छोटा लाल दिवा उघडझाप करायला लागला, त्यावर चावीचं चित्र. परत फिरवली. एक, दोन, गप्प.

"आई, गाडीला ताप आला?"

"नाही गं राजा. झोपेत आहे."

पाचव्यांदा फिरवून मी घड्याळ बघितलं. सव्वानऊ. घराच्या कुलपासाठी एकदा राजपुऱ्याच्या चावीवाल्या गणेशभाऊंना बोलावलं होतं, त्यांचा नंबर होता. "दस मिनिट, ताई," म्हणाले. पंचवीस मिनिटांनी स्कूटर आली. तेवढ्यात मी तीन वेळा फाटकापर्यंत जाऊन आले होते, आणि नेपानगरची बस मी तिथे उभी असतानाच नाक्यावरून निघून गेली.

गणेशभाऊंनी चावी उजेडात धरली. "दात तर बराबर आहेत. खोट नाही हिच्यात." मग पिशवीतून मोबाइलएवढं मशीन काढलं, त्याची वायर स्टिअरिंगच्या खाली खुपसली आणि चष्मा कपाळावर चढवून बघत बसले. सायली त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"बेटा, ही काळी मूठ आहे ना चावीची, हिच्या आत एक चिप असते. तांदळाच्या दाण्याएवढी. चावी फिरवली की गाडी तिला विचारते, तुझा नंबर बोल. नंबर यादीत असला तर इंजिन चालू. नसला तर दोन सेकंदांत बंद." ते हसले. "आजकालची गाडी सासूपेक्षा कडक, ताई. नुसता चेहरा दाखवून भागत नाही."

"मग ही यादीत नाही?" मी विचारलं.

"एकच चावी आहे यादीत. दुसरी काढलेली आहे."

"अशी आपोआप निघते?"

"नाही ना. मशीन लावून काढावी लागते, गाडीचे कागद दाखवून. चावी हरवली की लोक काढून टाकतात. कोणा चोराच्या हाती लागली तरी त्याने गाडी नेऊ नये, म्हणून. समझदार माणूस आहेत भाईसाहेब." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हरवली होती का ही?"

मी मान हलवली. हो की नाही, मलाच कळलं नाही.

एप्रिलमध्ये मोहित कार सर्व्हिसिंगला घेऊन गेला होता. आल्यावर म्हणाला, "झालं एकदाचं." मला वाटलं, ऑइल. सांगितलं का नाही त्याने? चावी हरवली म्हणून मला टोचायला नको, म्हणून? की त्याला कळलं होतं? नाही, कळलं असतं तर त्याच्या चेहऱ्यावर दिसलं असतं. तो बाहेरगावी असताना दारातली गाडी आणि आम्ही दोघी सुरक्षित राहाव्यात, एवढंच त्याच्या मनात असणार. कुठल्या तरी अनोळखी चोराच्या भीतीने त्याने ती चावी बाद करून घेतली, आणि ती चावी लपवणारी मी त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसून त्याला जेवायला वाढत होते.

"आता सापडली ना, बढिया झालं," गणेशभाऊ वायर गुंडाळत म्हणाले. "भाईसाहेबांना फोन लावा. त्यांची चावी आणि गाडीचं आरसी बुक घेऊन ते आले की पाच मिनिटांत परत चढवतो."

"ते रावेरला आहेत. तुम्ही आत्ता नाही का करू शकत?"

"त्यांच्याशिवाय मी हात नाही लावणार, ताई. तुम्ही घरच्या आहात, मला माहीत आहे. पण गाडीला नाही ना माहीत."

ते गेले. मी मोहितचा नंबर काढला, त्याच्या नावावर अंगठा ठेवला, आणि काढून घेतला. काय सांगणार होते? चावी सापडली? कुठे? आणि मंगळवारी सकाळी साडी नेसून, फाइल घेऊन मी गाडीत काय करतेय? एक खोटं सांभाळायला आता तीन लागणार होती, आणि घड्याळात दहाला दहा कमी होते.

मी पातं घालून दार बंद केलं. तेवढं ती चावी अजून करत होती. सायलीला कडेवर घेतलं, पाच वर्षांची झाली तरी, आणि नाक्यापर्यंत जवळजवळ पळतच गेले. पहिल्या रिक्षावाल्याने नेपानगर ऐकून मान हलवली. दुसरा कुरकुरला, मग "बसा" म्हणाला. येताना कशाने येईन, माहीत नव्हतं. दीडला मोहित घरी येईल तेव्हा आम्ही नसू, आणि कार दारातच असेल. म्हणजे आज त्याला कळणारच. कळू दे, असं मी मनाला सांगत होते, आणि मन ऐकत नव्हतं. फाइलीचा कोपरा मी नखाने सोलत होते.

गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना केळीचे मळे सुरू झाले. सायलीने माझ्या मुठीतून चावी काढून घेतली, उलटसुलट केली, कानाशी धरली.

"काही बोलत नाही ही," ती म्हणाली. मग, "आई, ही तीच ना? हरवलेली?"

"हो."

"पण तू तर डब्यातून काढलीस. मी जागी होते."

मी तिच्या कपाळावरचे केस मागे केले. रिक्षा खड्ड्यातून गेली, ती माझ्यावर आदळली आणि तशीच टेकून राहिली.

"तू मामाकडे गेली होतीस ना, तेव्हा पप्पांनी मला राजपुऱ्याला नेलं होतं. आम्ही प्रत्येक दुकानाच्या पायरीखाली वाकून बघितलं. नाल्यात पण काठी घातली. पप्पा म्हणाले, आईला नको सांगू, तिला वाईट वाटेल." तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. "चावी तर घरीच होती. मग आम्ही काय शोधत होतो?"