पाठीकडून उघडणारा गाऊन

मी एक जुने शिलाई मशीन आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू कोपऱ्यात निवांत डुलक्या काढतात, असा तुमचा समज असेल. माझे तसे नाही. कुणी शेजारून पाय आपटत गेले, तरी माझी सुई थरथरते.

कारखान्यात माझे लोखंड ओतले, काळा रंग चढवला, आणि दुकानाच्या काचेमागून मी थेट एका शिंपीणबाईच्या खिडकीशी आले. कामाला बसण्याआधी बाई डोळे मिटून देवाजवळ एकच मागायची, "आज कुणाचं कापड माझ्या हातून वाया जाऊ देऊ नकोस." मग पायडल दाबायची. शाळेचे गणवेश, नवरीचे कपडे, बाळांची झबली, काय काय शिवले आम्ही. गिऱ्हाइके म्हणत, "बाई, तुमच्या हाताला डोळे आहेत." त्यावर बाई म्हणे, "डोळ्यांना चष्मा लागलाय, हातांना अजून नाही."

पुढे तयार कपड्यांची दुकाने आली. माझ्यावर आधी धुतलेल्या कपड्यांचे ढीग आले, मग वर्तमानपत्रे आणि शेवटी औषधाच्या बाटल्या. बाई आजारी पडली होती. डॉक्टरांनी तिच्या लेकीला बाहेर नेऊन सांगितले, आता औषधाने दुखणे कमी होईल, आजार जाणार नाही. लेक आत येऊन म्हणाली, "थोडा अशक्तपणा आहे म्हणाले."

"अशक्तपणासाठी एवढं हळू बोलले?" बाईने विचारले. लेक उशी नीट करू लागली.

एका सकाळी बाईने बाटल्या बाजूला सारल्या. कपाटातून मऊ, फिकट निळे कापड काढून ते कापले.

"काय शिवतेयस?"

"माझा शेवटचा गाऊन. पाठीकडून उघडा, बांधायच्या नाड्या लावलेला. पुढून दिसायला नीटनेटका. ढगळ कपड्यात गेले तर लोक म्हणतील, जन्मभर शिवलं आणि स्वतःचंच माप चुकलं."

"आई, असलं अभद्र बोलू नकोस."

"अगं, मी मापाचं बोलतेय."

लेकीने माझ्या चाकावरचा पट्टा काढला, पर्समध्ये टाकला आणि ती कामावर निघून गेली.

पट्टा नसला की पायडल हलते, चाक हलत नाही. बाई दुपारभर पायडल हलवत बसली. हाताने शिवावे, तर बोटांत सुई टिकत नसे. शिवायच्या बाह्या खुर्चीवर लोंबत राहिल्या. दोघी भाजीविषयी बोलत, शेजाऱ्यांच्या कुत्र्याविषयी बोलत, पण बाह्यांकडे लेक बघत नसे. बाईच्या पायांतले बळ दिवसेंदिवस कमी होत होते आणि माझा जीव वरखाली होत होता. हिचे शिवून होणार कधी? मशीनला आवाज फुटतो तो चालतानाच. मी तर बंद पडलेले.

मग एक दिवस लेक आईला कपडे बदलत होती. बाहीत हात घालताना बाई कळवळली. लेक दचकून थांबली.

"माझ्या आईला शेवटचे कपडे घालताना तिचे हात ताठ झाले होते," बाई हळूच म्हणाली. "बाही कापावी लागली. कात्री माझ्याच हातात होती. ते तुझ्या वाट्याला येऊ नये, एवढंच मला शिवायचं होतं."

लेक खाली बसली. मग उठून तिने पर्समधला पट्टा आणला. तो चढवायला तिला जमेना.

"उलटा धरलायस. म्हणे शिंपिणीची लेक," बाई हसली. "आता टेप घे. कापलंय ते जुन्या मापाने. बारीक करायला हवं."

लेकीने आईच्या छातीभोवती टेप फिरवली आणि आकडा बघून ती पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.

"बोल की. गिऱ्हाइकाला सांगतात तसं सांग."

लेकीने आकडा सांगितला.

"बरंय की. लग्नात एवढीच होते मी."

दोघी हसल्या. हसता हसता लेकीने आईच्या मांडीवर डोके ठेवले. "तुला भीती वाटते का गं?"

"वाटते. दुखेल याची वाटते. देवाकडे जायची नाही वाटत."

"फारच त्रास झाला तर? दवाखान्यात नेऊ?"

"नको. डॉक्टरांना इथेच बोलाव. दुखणं थांबवा म्हणावं, नळ्या घालू नका. मला या खिडकीशी राहू दे."

त्या दिवशी लेकीने पायडल मारले आणि बाईने कापड सरकवले. "हळू गं, पळत कुठे सुटलीस?" बाई म्हणत होती. मी मात्र सुसाट होते.

बाई खिडकीशीच गेली. नळ्या नव्हत्या. लेकीचा हात तिच्या हातात होता. गाऊन अलगद चढला, आणि अंगाला बरोबर बसला.

आता लेक माझ्यावर थोडेफार शिवते. परवा शेजारच्या काकू आल्या. त्यांनी आधी दार लोटले, मग पदराआडून कापड काढले. "मलाही तसाच एक शिवून दे. सुनेला कळू देऊ नकोस हं."

लेक म्हणाली, "सुनेला घेऊन या, काकू. माप तिनेच घ्यायचं. तरच शिवते."

काकू कापड तसेच उचलून गेल्या. अजून परतल्या नाहीत. रस्त्यावर पावले वाजली की माझी सुई हलते.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी आपल्या जाण्याविषयी बोलू लागेल. तेव्हा विषय बदलू नका. जवळ बसा आणि विचारा, "तुला काय हवंय?" आजच विचारा.