आणखी एक महिना, देवा

नातीची मोटारशर्यत होऊ नये म्हणून मी लंडनमधल्या हॅरोच्या त्या घरात देव पाण्यात ठेवून बसले होते, हे कुणालाच माहीत नव्हतं. सांगणार तरी कुणाला? मुलगा अनुप तिच्या गाडीचा मेकॅनिक. सून स्वाती हॉस्पिटलात फार्मसिस्ट, कोविडमुळे घरी फक्त झोपायला येणारी. आणि नात अन्वी, सोळा वर्षांची घोडी, तिला ताशी शंभर मैलांनी पळायचं होतं. मी नागपूरहून मार्चमध्ये सहा आठवड्यांसाठी आले होते. विमानं बंद झाली आणि अडकले.

शर्यतींचा सीझन एप्रिलमध्ये सुरू व्हायचा होता. एप्रिलचा मे झाला, मेचा जुलै. दर वेळी आयोजकांचं नवं वेळापत्रक ईमेलने यायचं, अनुप ते मोठ्याने वाचायचा, अन्वी खोलीचं दार आपटायची आणि मी गुपचूप देवापुढे साखर ठेवायची. आणखी एक महिना, देवा, एवढंच मागणं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, ती सगळी या शर्यतीला येवोत. मला ती गाडी बघवतच नसे. छप्पर नाही, दारं नाहीत. ड्रायव्हर आत आडवा पडल्यासारखा बसतो आणि डोकं तेवढं बाहेर!

अन्वीचं दुखणं वेगळं होतं. तिच्या ज्युनिअर गटात पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं आणि वरच्या गटाचा खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा. म्हणजे याच वर्षी काय ते पळायचं, नाहीतर गाडी विकून मोकळं व्हायचं.

"आजी, धिस इज इट," ती म्हणायची. "याच्यापुढे माझं काही नाही."

मी तिच्या ताटात आणखी एक तुपाची पोळी वाढायची. मला दुसरं काय येत होतं?

शेवटी ऑगस्टची तारीख पक्की झाली. आठ वीकेंडचे चार केले, प्रेक्षकांना बंदी, ड्रायव्हरबरोबर फक्त दोन माणसं. स्वातीला रजा मिळेना.

"आई, तुम्ही जा ना तिच्यासोबत," ती म्हणाली. "तुम्ही असलात की मला ड्युटीवर धीर राहील."

तिला काय कल्पना, धीर कुणाकडून मागतेय ते! तर अशी मी, तोंडाला मास्क आणि मनगटाला टीमचा पट्टा बांधून, सर्किटवर दाखल झाले.

तिथे देवाने माझं ऐकलं.

झालं असं, की गाडी उलटली तर डोकं आपटू नये म्हणून ड्रायव्हरच्या मागे एक लोखंडी कमान असते. त्या कमानीवरून गाडीच्या पुढच्या भागापर्यंत एक सरळ पट्टी धरतात. हेल्मेट पट्टीच्या खाली राहिलं पाहिजे, नाहीतर शर्यतीत उतरता येत नाही. आणि घरात बसून, माझ्या पोळ्या खाऊन, पोरगी ताडमाड वाढली होती. मार्चमध्ये तिच्या मापाने बनवलेली फोमची सीट अनुपने आधी तासली, मग काढूनच टाकली. ती नुसत्या पत्र्यावर बसली होती. ग्रॅहम नावाच्या तपासनीसाने पट्टी धरली. पट्टी हेल्मेटवर टेकली.

"सॉरी, मेट," तो अनुपला म्हणाला. "शी इज टू टॉल."

अनुपने खूप विनवण्या केल्या. ग्रॅहम बिचारा भला माणूस, पण नियम पोरांच्या जिवासाठीच होता. तपासणी बंद व्हायच्या आत काही जमलं तर बघा, म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे गेला.

मी मनात हात जोडले. मग अन्वीकडे पाहिलं. तिने रडून गोंधळ घातला असता तर मला सोपं गेलं असतं. ती रडत नव्हती. समोर बघत होती आणि स्टिअरिंगवरचे हात काही केल्या सुटत नव्हते. चार महिने मी देवाकडे हे मागत होते?

"हेल्मेट काढ बघू," मी म्हटलं.

"आई, तू आता मध्ये पडू नकोस," अनुप वैतागला.

"तू गप्प बस. अन्वी, काढ."

तिने काढलं. मागच्या सीझननंतर केसांना कात्री लागली नव्हती, आणि केस आमच्या घराण्याचे, घोड्याच्या शेपटीसारखे दाट. सगळे टाळूवर गोळा करून बाईसाहेबांनी नारळाएवढा अंबाडा बांधला होता.

"हा डोंगर डोक्यावर कशाला?"

"गळ्यात येतात ना, आजी. हॉट होतं."

मी तिथेच, त्या तेलकट जमिनीवर उभी राहून तिचा भांग पाडला. मानेलगत दोन चपट्या वेण्या घातल्या, चापूनचोपून. रबरबँड नव्हते, अनुपने वायरी बांधायचे प्लास्टिकचे बंद दिले. वेण्या कॉलरमध्ये खोवल्या. हेल्मेट या वेळी खाली, नीट बसलं. ग्रॅहमने पुन्हा पट्टी धरली, वाकून बघितलं, पट्टीखालून बोट घालून बघितलं.

"फाइन," तो म्हणाला.

अनुप मला मिठी मारायला आला. मी त्याला ढकललं. आनंद कसला? आता ही शर्यत माझ्याच हातांनी होणार होती.

ती वीस मिनिटं मी कशी काढली ते मला विचारू नका. डोळे मिटले तर आवाजाने काळजात धस्स व्हायचं, उघडले तर गाड्या दिसायच्या. "संपव रे, लवकर संपव," एवढाच जप. शेवटी झेंडा हलला. अन्वी नववी आली, अनुप नाचायला लागला.

मग एकेक गाडी आत आली. अन्वीची आली नाही.

अनुपचं नाचणं थांबलं. मी जाळीला धरून उभी. देवाचं नावही आठवेना. बऱ्याच वेळाने वळणावरून एक ट्रॅक्टर आला, त्याच्यामागे दोराला बांधलेली तिची गाडी, आणि आत बसून बाई सगळ्यांना हात हलवत होती. शर्यत संपल्यावर इंजिन बंद पडलं होतं, बाकी काही नाही. माझा जीव भांड्यात पडला.

ती उतरली, हेल्मेट काढलं आणि हसत म्हणाली, "आजी, नाइन्थ!"

मी आधी तिच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. मग तिला अशी घट्ट धरली, की तिला हलता येईना.

"आजी, का रडतेस? मी ओके आहे."

"म्हणूनच," मी म्हटलं आणि तिला सोडलं नाही.