मास्तरांची लाडकी

येरेवानमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर मुशेग तेरझ्यान राहायचे. लेनिनाकान शहरातल्या चांभाराचा मुलगा. महायुद्धात त्यांची कूचगीतं रेडिओवर गाजली, पुढे एक ऑपेरा रंगमंचावर आला, आणि मग ते संगीत विद्यालयात शिकवत राहिले. त्यांची बायको आरुस्याक एकेकाळची गायिका. संसारापायी गाणं सोडलेली.

विद्यार्थी घरी येत, जेवून जात. पण नवार्द नावाची विद्यार्थिनी येऊ लागली आणि आरुस्याकचं डोकं फिरलं. नवार्द यायच्या दिवशी मुशेग इस्त्रीचा शर्ट घालत, स्वतः कॉफी उकळत.

"माझ्यासाठी कधी केलीस का रे कॉफी?"

"त्या पोरीला कान आहेत, आरुस्याक."

"आणि मला काय नुसती भोकं आहेत?"

माझ्या आईपाशी येऊन ती नवार्दला 'टवळी' म्हणायची.

एका वसंतात नवार्दनं चार वाद्यांसाठी एक रचना पुरी केली आणि ती मास्तरांना पियानोवर वाजवून दाखवली. आरुस्याक स्वयंपाकघरात द्राक्षाच्या पानांत खिमा गुंडाळत होती. तिचे हात थांबले. नवरा कसा विरघळतोय ते बघायला ती दाराशी आली, तर मुशेग जमिनीकडे बघत होते. ओठ घट्ट मिटलेले, कानशिलं लाल.

जेवताना ते म्हणाले, "कच्चं आहे. संगीतकार संघाच्या बैठकीत मंजुरीला आलं की मी नको म्हणणार. तिनं आता इथं येऊही नये."

हेच ऐकायला आरुस्याकचा जीव आसुसला होता. पण तिनं चमचा खाली ठेवला.

"कच्चं? मुशेग, तू जळतोयस."

"काहीतरीच काय!"

"जळणं मला शिकवू नकोस. ती आल्यापासून मी तेच करतेय. बैठकीत नाही म्हणालास, तर मी येऊन सगळं गाऊन दाखवीन. एकदा ऐकूनच पाठ झालंय मला."

ती तसं करील, हे मुशेग जाणून होते. बैठकीत ते गप्प बसले. बाकीच्यांनी रचना मंजूर केली.

शरदात ती मोठ्या सभागृहात वाजली. मुशेगनी टाळ्या उशिरा वाजवल्या, पण उभं राहून. नवार्द धावत आली आणि आधी त्यांच्याच गळ्यात पडली.

घरी परतताना त्यांनी विचारलं, "आवडलं तुला?"

"फार. पण ती मिठी जरा लांबलीच."

 त्यानंतर मुशेगनी स्वतःचं काही रचलं नाही. शिकवत मात्र शेवटपर्यंत राहिले.