तपकिरी लोकर

शोनॅगने तव्यावरची ओटची भाकरी उलटली आणि टेबलाशी बसलेल्या पाहुणीला कागद जरा बाजूला घ्यायला सांगितलं. कागद कसले, पसाराच होता. नकाशे, जुनी पत्रं, पलटणीच्या नोंदींच्या प्रती, आणि सगळ्यांच्या वर एका पोरगेल्या सैनिकाचा फोटो. शोनॅगने फोटोवरून नजर काढून घेतली ती थेट तव्यावर आणली.

"तुमच्या शेजारचा फिनले म्हणाला, युद्धाच्या वेळचं तुम्हाला सगळं आठवतं," जोन म्हणाली.

"फिनलेचं काय ऐकतेस! स्वतःचा चष्मा कुठे ठेवला ते त्याला आठवत नाही, आणि दुसऱ्यांच्या आठवणी गावभर वाटत फिरतो."

जोन हसली, पण हसू टिकलं नाही. इंग्लंडातल्या डर्बीशायरहून दोन बोटी बदलून ती स्कॉटलंडच्या या बेटावर आली होती, आणि तीन दिवस दारोदार एकच प्रश्न विचारत होती. तिचा मामा, डेनिस हॅलम, त्रेचाळीस सालच्या हिवाळ्यात इथे सैनिकी शिक्षणाला होता. घडीच्या होडीतून किनारा गाठायचा, होडी उलटली तर बूट काढून पोहायचं, पोहून कडा चढायचा, असलं ते शिक्षण. नोव्हेंबरातल्या एका सरावानंतर हजेरी झाली, तेव्हा डेनिस नव्हता. प्रेतही मिळालं नाही. कुणा साहेबाने वहीत एक ओळ लिहून टाकली, 'पळून गेल्याचा संशय'.

"त्या एका ओळीपायी माझ्या आजीने चर्चची पायरी सोडली," जोन म्हणाली. "लोक हळू आवाजात बोलायचे ना, ते तिला सहन व्हायचं नाही. आता आई अंथरुणावर आहे. फार दिवस नाहीत म्हणतात. दिवसातून दहादा विचारते, आमचा डेनिस खरंच पळाला का गं? मी काय सांगू तिला?"

भाकरी करपल्याचा वास आला, तेव्हा कुठे शोनॅगचा हात हलला.

"हा त्याचा पलटणीतला नंबर," जोनने एका कागदावर बोट ठेवलं. "शेवटचे आकडे चार, चार, एक, सात. नंबरावरून कुणाला काही आठवणार नाही म्हणा. पण मी सगळ्यांना वाचून दाखवते."

शोनॅगने तवा उतरवला आणि खुर्चीत बसली.

एक्कावन्न वर्षांपूर्वी याच चुलीपुढे तो, फोटोतला पोरगा, बसला होता. चिंब भिजलेला, ओठ निळे. आई खाली किनाऱ्यावर समुद्री शेवाळ गोळा करायला गेली होती आणि घरात दहा वर्षांची शोनॅग एकटी. त्याने मोजे काढले, तर एकाच्या टाचेला हे एवढं भोक. "बोटं कामावर आणि टाच रजेवर," तो म्हणाला, आणि शोनॅगला इतकं हसू आलं, की तिने कुणाला न विचारता पेटी उघडली आणि टॉर्कलचा एक जोड त्याला देऊन टाकला. टॉर्कल तिचा थोरला भाऊ, मालवाहू जहाजावर होता. बेटावर प्रत्येक घर आपल्या मोज्यांत आपली खूण विणतं. त्यांच्या घराची खूण म्हणजे वरच्या काठाला तपकिरी लोकरीची एक रेघ. त्यांच्या एकुलत्या तपकिरी मेंढीची.

सैनिक गेला तो परत आला नाही. त्याच आठवड्यात तार आली, की टॉर्कलचं जहाज बुडालं. आईने अन्न सोडलं. चहाच्या घोटावर दिवस ढकलू लागली. आणि तीन आठवड्यांनी लाटांनी एक प्रेत आणून वाळूवर टाकलं. चेहरा राहिला नव्हता, गळ्यातला बिल्ला राहिला नव्हता. अंगावर शर्टाच्या चिंध्या होत्या आणि पायांत मोजे. आई गुडघ्यांवर बसली, मोज्याचा काठ तिने अंगठ्याने पुसला आणि म्हणाली, "माझं लेकरू घरी आलं."

आईने आपलं विणकाम ओळखलं म्हटल्यावर या बेटावर पुढे कुणी काही विचारत नाही. शोनॅगच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या संध्याकाळी आई वाटीभर पेज प्यायली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. मग दहा वर्षांच्या पोरीने तोंड उघडायचं कसं? नंतर दगडावर टॉर्कलचं नाव कोरलं गेलं, आणि पुढे आईही त्याच्या शेजारी निजली. त्यालाही आता अठरा वर्षं होऊन गेली होती.

आज बोलावं, तर टॉर्कल पुन्हा समुद्रात जात होता. न बोलावं, तर तिकडे एक म्हातारी बहीण ती ओळ उशाशी घेऊन मरणार होती. बहिणीचं मन शोनॅगला कुणी शिकवायला नको होतं. अशा वेळी माणसं देवाला विचारतात. तिने विचारलं नाही. तो काय सांगेल ते तिला ठाऊक होतं.

ती उठली, आतल्या खोलीत गेली. पेटीच्या तळाशी पिठाच्या पोत्याच्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं होतं. तो सैनिक निघून गेला त्या पावसाळी दुपारी तिने ते आईच्या भीतीने लपवलं होतं, आणि त्यानंतर त्याची गाठ सोडायचा धीर तिला झाला नव्हता. तिने ते टेबलावर, फोटोशेजारी ठेवलं आणि गाठ सोडली.

पलटणीचे राखाडी मोजे. आतल्या बाजूला शिवलेल्या पट्टीवर पुसट शाई. जोन वाकली. तिचं बोट एकेका आकड्यावरून सरकत गेलं आणि सातावर थांबलं.

"हे इथे कसे?"

शोनॅगने सांगितलं. भिजलेले पाय, पेटी, तपकिरी रेघ, वाळू, आईची पेज. काही हातचं राखलं नाही.

"तो पळाला नाही गं, बाई," ती म्हणाली. "बुडाला तो. बूट काढून पोहत होता, शिकवलं होतं तसा. मी लहान होते, आणि नंतर भेकड होते. मला माफ करता आलं तर कर."

जोन तोंडावर हात धरून रडत होती. शोनॅगलाही रडू येत होतं, म्हणून तिने उगीचच दुसरा मोजा उचलला.

"आणि हा बघ, हाच तो. टाचेला हे एवढं मोठं..."

ती थांबली. मोजा खिडकीपाशी नेऊन तिने पुन्हा पाहिला.

"काय झालं?" जोनने विचारलं.

भोक नव्हतं. टाच रफू केलेली होती. बारीक, घट्ट, उभे आडवे धागे, एकही कुठे सुटलेला नाही. तपकिरी लोकरीचे. त्या वयात शोनॅगला सुईत दोराही धड ओवता येत नव्हता. घरात असा हात एकच होता, आईचा, आणि त्या हाताने ही गाठ कधीतरी सोडून पुन्हा बांधली होती.

बराच वेळ शोनॅग त्या टाचेवरून अंगठा फिरवत राहिली. मग तिने मोजे नीट जोडून जोनच्या हातात दिले आणि खुंटीवरचा कोट काढला.

"चल. आज शनिवार आहे. उद्या रविवारी इथे कुणी दाराबाहेर काही करत नाही, देवाच्या कामाखेरीज."

"कुठे?"

"तुझ्या मामाकडे. आमच्या आईच्या शेजारीच आहे तो." शोनॅगला कोटाची बटणं काही केल्या लागेनात. "तुझ्या आईला सांग, आमची आई दर शनिवारी त्याला भेटायला जायची. हिमात, वाऱ्यात, गुडघे गेले तरी काठी टेकत. एकही शनिवार तिने चुकवला नाही."