रजिस्टरात मी रिकामी

मी एक जुनी गाय आहे आणि अजून नोकरीत आहे. दूध देण्याची नोकरी केव्हाच संपली. आता मी शिकवते. जनावरांचे डॉक्टर जिथे तयार होतात, त्या कॉलेजचा हा गोठा. त्यात गायीला अडवून उभं करायचे पाच लोखंडी खोडे ओळीने आहेत आणि तिसऱ्या खोड्यात मी उभी असते. विद्यार्थी खांद्यापर्यंत पोचणारा प्लास्टिकचा हातमोजा चढवतात, त्याला साबणाचं पाणी लावतात आणि शेपटीखालून हात आत घालून मी गाभण आहे की रिकामी, ते चाचपून बघतात. हसू नका, मित्रांनो. ज्या डॉक्टरांना तुम्ही धावतपळत बोलावून आणता, ते सगळे आधी आमच्यापाशीच शिकलेले असतात.

माझा जन्म याच गोठ्यातला. कानात पिवळा बिल्ला आहे, त्यावर सत्तावीस हा आकडा आहे आणि तेच माझं नाव. मला तीन वासरं झाली. तिन्ही मोठी होऊन दुसऱ्या गोठ्यांत गेली. तेव्हा मी भरपूर दूध द्यायचे आणि कुणी पाहुणे आले की मला मुद्दाम बाहेर काढून दाखवलं जायचं. चौथ्या खेपेला मात्र गर्भ राहीना. कृत्रिम रेतन करायचं, तीन आठवडे वाट बघायची आणि मी पुन्हा माजावर हजर. याला आमच्याकडे गाय उलटली असं म्हणतात. मी पाच वेळा उलटले. मग रजिस्टरात माझ्या आकड्यापुढे 'वारंवार उलटते, सरावासाठी ठेवावी' अशी ओळ आली आणि माझी या शेडमध्ये बदली झाली. पाहुण्यांना दाखवणं बंद झालं. वाईट वाटलं का? वाटलं. पण गोठ्यात वाईट वाटून घ्यायला वेगळी जागा नसते. चारा येतो, आपण खातो.

या कामात मला विद्यार्थ्यांचे चेहरे फारसे दिसत नाहीत. माझं तोंड गव्हाणीकडे आणि वर्ग माझ्या पाठीमागे, अशी आमची मांडणी. म्हणून मी माणसं हातावरून ओळखते. घाबरलेला हात मूठ वळून येतो. घाईचा हात येतो आणि कशालाही न भेटता परत जातो. एकजण मनगटावरचं घड्याळ काढायला विसरला होता. त्याला मी माझ्या पद्धतीने आठवण करून दिली. तो आठवडाभर लंगडत होता, असं ऐकते. चांगला हात बोटं जुळवून, सैल पडून येतो. आतडं आवळलं की थांबतो, सुटलं की पुढे सरकतो. असे हात शंभरात चार निघतात.

मोठ्या सरांचा हात तसा होता. मोठे सर म्हणजे या विभागाचे प्रमुख. तीस वर्षं त्यांनी हेच काम केलं. हात आत घातला की ते डोळे मिटायचे आणि नकाशा वाचून दाखवावा तसं सगळं सांगायचे. "हे कमरेचं हाड. याच्या कडेवरून खाली या. कोंबडीच्या मानेसारखं काहीतरी कडक लागेल, ते गर्भाशयाचं तोंड. त्याच्या पुढे दोन शिंगं." पहिल्या दिवशी शिंगं म्हटलं की निम्मा वर्ग माझ्या डोक्याकडे बघायचा. गर्भाशयालाही दोन शिंगं असतात, हे त्यांना तेव्हा नवीनच असायचं.

पण गेली दोन वर्षं सरांचा हात माझ्याकडे आलेला नव्हता. या धंद्यात खांदा जातो. गाय आतून आवळते, अंगाचा भार टाकते, आणि वर्षानुवर्षं ते सगळं त्या एकाच सांध्यावर येतं. सरांचा डावा खांदा इतका कामातून गेला होता की गोठ्यावरचे मामा त्यांना एप्रन चढवून द्यायचे. हे मामांना ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. आम्ही दोघेही फारसं बोलत नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी पाचही गायी स्वतः तपासून बरोबर उत्तरांचा कागद करायचा, अशी पद्धत होती. सर तो कागद आता रजिस्टर बघून करायचे. एखाद्या शिष्याला बोलावून "तू तपास, माझ्याच्यानं होत नाही" म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं. माणूस वाईट नव्हता, हे आवर्जून सांगते.

विद्यार्थ्यांनीही आपली सोय बघितली होती. वरच्या वर्गाने खालच्या वर्गाला एक चिठ्ठी देऊन ठेवलेली असायची: कोणत्या गायीला काय म्हणायचं. सत्तावीस, रिकामी. एकदा ती कुणाच्या तरी खिशातून गव्हाणीत पडली आणि मी खाऊन टाकली. बेचव होती. सरांचा कागद आणि ही चिठ्ठी, दोन्ही त्याच जुन्या रजिस्टरावरून आलेली. त्यामुळे उत्तरं जुळायची, मुलं पास व्हायची आणि सगळे खूश असायचे.

आणि नेमकी तेव्हाच मी रिकामी राहिले नाही.

झालं ते असं. रेतन शिकवताना जुन्या, निकामी झालेल्या कांड्या वापरतात. कांडी म्हणजे वळूचं वीर्य भरलेली बारीक नळी. त्या नायट्रोजनच्या टाकीत अगदी गारठवून ठेवतात. निकामी कांड्यांच्या कप्प्याला लाल दोरा बांधलेला असायचा. तो दोरा केव्हातरी सुटून पडला. मी त्या दिवशी माजावर होते आणि कुणाच्या तरी हातून माझ्यात चांगली, जिवंत कांडी सुटली. कुणाच्या, ते सांगता येणार नाही. तो हात फक्त त्या दिवशीच आला होता. नंतर एकाच्या हातमोज्याला थोडं रक्त लागलेलं दिसलं. रक्त दिसलं की गायीला सुट्टी द्यायची, असा नियम आहे आणि तो चांगला नियम आहे. मला दोन महिन्यांहून जास्त सुट्टी मिळाली. त्या काळात मी माजावर आले नाही. मामांच्या ते लक्षात आलं.

"सर, सत्तावीस तीन खेपा माजावर आली नाही."

"तिचं तसंच असतं हो," सर म्हणाले आणि पुढे गेले.

मला मात्र कळलं होतं. कसं, ते विचारू नका. मी तीन वासरांची आई आहे. आणि हे चौथं मला हवं होतं. बाकी सगळं मी तटस्थपणे सांगतेय, पण एवढी एक गोष्ट तशी सांगता येत नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळी सर मामांना म्हणाले, "परीक्षा आटोपली की लगेच पाचही गायींना माजावर आणायचं इंजेक्शन देऊन टाकू. पुढच्या आठवड्यात नव्या वर्गाला रेतन शिकवायचंय." हे इंजेक्शन रिकाम्या गायीला दोन-चार दिवसांत माजावर आणतं. गाभण गायीला दिलं तर तिचा गर्भ पडतो. औषध तेच असतं. म्हणूनच आधी हात घालून बघायचं असतं.

एका गायीला दिवसाला सहाच हात, हाही आमच्याकडचा नियम. पहिले पाच आले, आत काही वेळ थांबल्यासारखं केलं आणि "रिकामी, सर" म्हणून गेले. पाचांपैकी एकानेही बोटं उघडली नाहीत. सहावी बारकी होती.

बारकी हे तिचं वर्गातलं नाव. उंची बेताची, हात आखूड. दुधाच्या पिशव्यांचा क्रेट पालथा घालून ती त्यावर उभी राहायची, तेव्हा कुठे तिचा हात पोचायचा. मागच्या वर्षी याच परीक्षेत वेळ फार घेतला म्हणून ती नापास झाली होती. तेव्हापासून दुपारी शेड रिकामी असली की ती मामांना विचारून यायची आणि दुसऱ्या गायींवर सराव करायची. चिठ्ठी तिच्याही खिशात होती. पास व्हायला काय म्हणायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिचा हात आला, थांबला, पुढे सरकला. शिंगांपाशी येऊन त्याने बोटं उघडली आणि तो तिथेच राहिला. मागे कुणीतरी म्हणालं, "झोपली का गं?" मग हात बाहेर आला.

"सर, गाभण आहे."

शेडमध्ये हशा पिकला. सरांनी कागद बघितला.

"सत्तावीस? अगं, ही पाच वेळा उलटलेली गाय आहे. तुला भरलेलं मूत्राशय लागलं असेल."

"नाही सर. मूत्राशय वेगळं लागतंय. उजवं शिंग मोठं झालंय, आत पाणी आहे. अडीच महिने तरी असतील."

"तुझा हात तिथपर्यंत पोचतो तरी का? चूक. उतर खाली."

ती उतरली. सरांनी कागदावर फुली मारली. मला पेनाचा आवाज ऐकू आला.

परीक्षा संपली आणि मामा इंजेक्शनचा ट्रे घेऊन आले. पहिल्या खोड्यातल्या गायीला सुई टोचली गेली. मग दुसरीला. मी खोड्यात होते. पुढे आडवा दांडा, मागे आडवा दांडा. अशा वेळी गाय काय करू शकते? मी शेपूट हलवली.

"सर." बारकी परत आली होती. "मला नापास करा. पण हिला सुई द्यायच्या आधी तुम्ही स्वतः एकदा हात घालून बघा."

"आता वेळ नाहीये."

"दोन मिनिटं लागतील, सर. तुम्हाला तर एकच लागतं."

मामांनी ट्रे खाली ठेवला. आपण होऊन, कुणी सांगितलेलं नसताना. सगळा वर्ग बघत होता. मग सर इतक्या हळू बोलले की मलाच आधी ऐकू आलं.

"मला हात वर करता येत नाही, पोरी. दोन वर्षं झाली."

कुणी हसलं नाही. बारकीने क्रेट पायाने बाजूला सारला आणि एक नवा हातमोजा उलगडून पुढे धरला.

"मग उजवा घाला, सर. मी सांगते."

उजव्या हाताने सरांनी जन्मात कधी गाय तपासली नव्हती. तो हात आला, तो नवशिक्याचाच. बोटं ताठ, अंगठा आडवा. बारकी शेजारी उभी राहून सांगत होती, "सैल सोडा, सर. थांबा, आवळलंय तिने. आता पुढे. हाडाच्या कडेवरून खाली या. घाई नको." हे सगळे त्यांचेच शब्द होते, आणि ते मुकाट्याने ऐकत होते. मी माझ्या परीने जितकी स्थिर उभी राहता येईल तितकी राहिले. अखेर बोटं उजव्या शिंगाला लागली. त्यांनी ते अगदी हलकेच चिमटीत धरलं आणि सोडलं.

"निसटला," सर म्हणाले. "गर्भाच्या पिशवीचा पडदा निसटला बोटांतून. आहे. गाभण आहे."

त्यांनी हात बाहेर काढला आणि तो पुसायचंही भान त्यांना राहिलं नाही. कागदावरच्या पाच 'बरोबर'च्या खुणा त्यांनी खोडल्या, बारकीची फुली खोडली आणि सगळ्या वर्गाला सांगितलं की परीक्षा पुन्हा होईल आणि उत्तरांचा कागद आजपासून त्यांच्या हातचा नसेल. मग सुई दिलेल्या पहिल्या दोन्ही गायी बारकीकडून तपासून घेतल्या. नशीब, दोघी रिकाम्या होत्या. मला वाटलं, संपलं.

पण सर रजिस्टर घेऊन तिथेच बसले आणि मागची पानं उलटू लागले. एका पानावर थांबून त्यांनी विचारलं, "मामा, चौदा नंबर दुधाच्या शेडमधून इकडे आली, तेव्हा तिला कुणी तपासलं होतं?"

"कुणी नाही, सर. कागदावर रिकामी होती."

"आणि मग सुई दिल्यावर चार दिवसांनी..."

"गर्भ पडला होता ना. आपण संसर्ग लिहिलं."

चौदा नंबर म्हणजे दुसऱ्या खोड्यातली गाय, माझी शेजारीण. सर उठून तिच्याजवळ गेले आणि बराच वेळ तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. ती रवंथ करत होती.

पुढे दिवस भरले आणि मला कालवड झाली. बाळंतपणाला बारकीच होती. ती आता इथेच खालच्या वर्गाला शिकवते आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी स्वतः आम्हाला तपासून कागद करते. सर स्टुलावर बसून तोंडी शिकवतात; आपल्या खांद्याची गोष्ट प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्याच दिवशी सांगतात.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या डॉक्टर व्हाल, कुणी घरी जनावर पाळाल. आमच्याबद्दल कागदावर काय लिहिलंय ते जरूर वाचा, पण त्यावर थांबू नका. जवळ या, हात लावा, बोटं उघडा. हात दुखत असेल तर दुसऱ्याला हाक मारा. त्यात कमीपणा नाही. आम्हाला 'नाही' म्हणता येत नाही, म्हणून आमच्या वतीने थोडं थांबत जा.

माझी कालवड आता शेडभर फिरते. पोट भरलं की ती चौदा नंबरकडे जाते. चौदा तिला कानापासून शेपटीपर्यंत चाटून काढते, आणि मी तिला परत बोलावत नाही.